मशीनची ओटी

"बाई, मशीनचं नाक चालू असताना बघायचं. बंद मशीनमधी खोट सापडत नसती."

निवृत्त होताना काकासाहेबांनी चाचणी-खोलीच्या किल्ल्या भानुमतीच्या हातात ठेवल्या आणि एवढंच सांगितलं. नाक म्हणजे मशीन जिथून हवा ओढते ती जाळी. भानुमतीनं ते गुरुमंत्रासारखं घेतलं. म्हणजे रोज मनात म्हणायची आणि पाळायचं राहून जायचं.

चिकलठाण्याच्या त्या कारखान्यात खोलीएवढ्या पत्र्याच्या पेट्या बनत. दवाखान्यांची, सभागृहांची हवा गाळायची, गार करायची आणि पुढं ढकलायची, हे त्यांचं काम. कोणती पेटी तासाला किती हवा ढकलते ते मोजून तिच्या पाटीवरच्या आकड्याशी ताडायचं, हे भानुमतीचं. काम चोख होतं, फक्त व्रतांना कारखान्यात जागा करून द्यावी लागे. नवरात्रात ती अनवाणी राही, पण बुटांशिवाय आत सोडत नसत. मग गेटपर्यंत देवीसाठी अनवाणी आणि गेटच्या आत सेफ्टी ऑफिसरसाठी बूट, अशी तिनं तडजोड करून घेतली होती. देवीचं मत विचारलं नव्हतं.

खंडेनवमीला सकाळी, जिथं पेट्या जुळतात त्या शॉपमध्ये पूजा झाली. भानुमतीनं माइकवर आरती म्हटली, तेव्हा मागून कुणीतरी माइक बंद आहे का म्हणून विचारलं. तो चालू होता. आरती झाल्यावर तिच्या मनात आलं, ही नवी पेटी दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरला चालली, लेक सासरी निघावी तशीच. हिची ओटी भरायला हवी.

"ताई, तांदूळ पंख्यात गेले तर तुम्हीच येचा," सुरेखा म्हणाली. म्हणून तांदूळ पुडीत बांधले, नारळ बाजूला ठेवला, आणि हिरवा खण तेवढा मशीनच्या डोक्यावर राहिला.

सुरेखा मुकुंदवाडीची. नुकतीच लाइनची प्रमुख झालेली, आणि तिच्या हाताखाली जुळलेली ही पहिलीच पेटी. दुपारी दवाखान्याचे इंजिनिअर विश्वजित समोर बसून चाचणी बघणार होते. आकडा आला नाही तर पेटी परत खोलायची आणि लाइन जुन्या प्रमुखाकडं द्यायची, असं मॅनेजरांनी सांगून ठेवलं होतं.

ते यायच्या आधी भानुमतीनं रंगीत तालीम घेतली. काचेमागच्या केबिनमध्ये बसली, पंखा चालू करायला लावला आणि आकडा स्थिर होईस्तोवर मनातल्या मनात जप केला. पाटीप्रमाणं हवा तासाला नऊ हजार घनमीटरांवर जायला हवी, ती आठाच्या आसपास अडकली. तिनं जप वाढवला. आकडा ढिम्म.

मशीन बंद करून ती मागं गेली. जाळी लख्ख. खण तेवढा खाली पडला होता. तिनं चुकचुकत उचलला, डोळ्यांना लावला, परत वर ठेवला. पुन्हा चालवलं, तीच गत. पुन्हा बंद केलं, पुन्हा मागं गेली, पुन्हा खण जमिनीवर. देवीची काहीतरी नाराजी दिसते, असं म्हणून या खेपेला तिनं त्याला हळदकुंकूही लावलं आणि परत वर ठेवला.

मग जे करू नये ते केलं. अगदी समजुतीच्या आवाजात सुरेखाला म्हणाली की पंख्याचा पट्टा ढिला राहिला असेल, नवीन माणसाकडून होतं असं. माइकवर जो आवाज चार माणसांपलीकडं पोचला नव्हता, तो बघता बघता कॅन्टीनपर्यंत गेला. चहाच्या टेबलावर सुरेखाचा पट्टा ढिला निघाला, हे पक्कं झालं.

सुरेखानं झाकण उघडून पट्टा दाबून दाखवला. चांगला ताठ होता.

"ताई, तुम्ही हळू बोलता, पण लागतं लई. चूक तुमची निघाली तर?"

भानुमती हसली. तशी शक्यता तिच्या पोथीत कुठं नव्हती. "तर माइकवर सांगीन. सगळ्यांसमोर."

"देवीची आण?"

"देवीची आण."

पंखा तिसऱ्यांदा सुरू झाला. केबिनकडं जाता जाता तिनं नाम घ्यायला तोंड उघडलं, आणि आलं ते काकासाहेबांचं वाक्य. ती वळली. ओढणी घट्ट खोचून भिंत आणि मशीन यांच्यामधल्या बोळातून मागं गेली.

हिरवा खण निम्म्या जाळीवर चिकटून बसला होता, हळदकुंकवासकट. सासरी निघालेल्या लेकीच्या नाकावर आईनंच पदर दाबून धरावा तसा. पंखा थांबला की बिचारा खाली उतरत होता, आणि भानुमती त्याला मोठ्या भक्तिभावानं परत कामावर रुजू करत होती.

तिनं तो ओढून काढला. काचेपाशी उभ्या सुरेखानं आकडा नऊ हजारांच्या वर गेलेला बघितला आणि मग भानुमतीच्या हाताकडं बघितलं. हसली नाही, हेच जास्त लागलं.

तेवढ्यात विश्वजितांची गाडी गेटवर आल्याचा निरोप आला.

"राहू द्या ताई," सुरेखा म्हणाली. "आकडा आलाय ना. कुणाला कळणार नाय."

भानुमतीलाही क्षणभर ते पटलं. व्रताची वाच्यता करू नये म्हणतात. मग चुकीची तरी का करावी, असं शास्त्र तिनं मनात रचूनही झालं. पण काचेपलीकडं चहा पिऊन परतणारे दोघं सुरेखाकडं बघून एकमेकांना काहीतरी सांगत होते.

पूजेचा माइक अजून काढलेला नव्हता. तिनं खणाची घडी केली, मुठीत धरली, घसा खाकरून बघितला. आवाज नेहमीसारखाच हळू निघाला. तरी ती निघाली, बुटांचासुद्धा आवाज न करता, माइककडं.