उसवलेली कांचळी

दिवाळीच्या सफाईत जुन्या वस्तूंवरून कुरबूर झाली नाही असं घर आपल्याकडे शोधून सापडायचं नाही. दिग्रसजवळच्या तांड्यावर दीपाच्या घरी मात्र ती झाली नाही, कारण दीपानं कुणाला विचारलंच नाही. सासू रामीबाई काचबिंदूनं आंधळी झालेली. पेटी उघडलेली तिला दिसणार कशी? आरशांचा घागरा, दोन कांचळ्या, म्हणजे भरतकाम केलेल्या चोळ्या, आणि लग्नात डोक्यावरच्या घागरीमागे सोडायचा कवड्यांचा गळणा, सगळं दीपानं दारावरच्या भांडेवालीला देऊन टाकलं आणि स्टीलचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, घेतला. वाईट वाटणं दूरच, तिला सुटल्यासारखं झालं. शाळेत असताना पोरं तिला "लमाणीण आली" म्हणून हसायची, ते तिच्या मनात घर करून बसलं होतं.

पंधरा दिवसांनी बचत गटाची सलोनीताई तांड्यावर आली. रामीबाईला तीही याडी, म्हणजे आई, म्हणायची.

"याडी, तांड्यातल्या पोरीइले तुमचं भरतकाम शिकवाचं हाय. हे टाके येणारं तुमच्याशिवाय आता इथं कोणी राह्यलं नाई."

डोळे गेल्यापासून भिंतीला टेकून बसलेली रामीबाई ताठ झाली. "डोळे गेले त गेले, बोटं हायेत न! जुनं काम बोटाखाली असलं का एकेक टाका मोजून सांगीन. दीपा, पेटी आण."

दीपा जागची हलली नाही. "पेटी रिकामी हाय, याडी," ती कशीबशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गंज पिशवीत घालून तिनं दिग्रसचा बाजार गाठला. भांडेवाली म्हणाली, "आरसे-कवड्या व्यापाऱ्यानं काढून नेल्या, बाई. कापड गॅरेजवाल्याइले गेलं, पुसायले."

दीपा गॅरेजात गेली. तिथं तेलानं काळ्या झालेल्या चिंध्यांचा ढीग होता. त्यातली आपली कोणती, हेही तिला ओळखता आलं नाही!

घरी सासरे शंकरसिंग ओट्यावर बसले होते. सगळं ऐकून ते म्हणाले,

"चोरानं नेलं असतं त पोलिसात गेलो असतो. घरच्यानंच देल्लं, आता जाचं कुठं?"

"लोक हसत होते, बापू. मले लाज वाटे."

"हसणारे हसून आपापल्या घरी गेले, बेटी. त्याइचं काय गेलं? आपल्या बायाइनं पाटी-पेन्सिल धरली नाई कधी. आई-आजीची अक्कल सारी त्या टाक्यात होती. ते पुस्तक तू गंजापायी मोडून टाकलं!"

दीपा हमसून हमसून रडू लागली. रामीबाई मात्र रागावली नाही, आणि तेच दीपाला जास्त लागलं.

"तुहं एखादं झंपर दे मले," म्हातारी म्हणाली.

आयुष्यात कधी झंपर न घातलेली ती बाई आत गेली आणि झंपर घालून, अंगावरची कांचळी काढून घेऊन आली. ती तिनं दीपाच्या हातात ठेवली.

"उसव."

"याडी! ही एकच राह्यली आता!"

"वरून पाहून टाका समजत नाई. दोरा कुठून शिरला अन् कुठून निघाला, ते उसवल्याबिगर कळत नाई. उसव, अन् दुसऱ्या कापडावर तसाच घाल."

तिच्याभोवती तांड्यातल्या सहा पोरी बसल्या. दीपा एकेक दोरा काढून नव्या कापडावर टाका घाली, आणि रामीबाई बोटानं चाचपून "चुकलं" म्हणे. होळीपर्यंत कांचळीची नुसती चिंधी उरली, आणि पोरींच्या हाती पाच टाके आले. घागऱ्याच्या काठाचे, गळण्याचे टाके त्या कांचळीवर नव्हते. रामीबाईनं ते तोंडी सांगून पाहिले, पोरींनी नाना खटपटी केल्या, पण जमलं नाही. वैशाखात रामीबाई गेली. ते टाकेही तिच्याबरोबर गेले.

आज त्या सहा पोरी कांचळ्या शिवतात आणि अंगावर घालून बाजारात जातात. दीपाही त्यांच्याबरोबर असते. कुणी हसलं तर ती थांबून त्याच्याकडे बघते.

वाचकहो, आपली कला परक्यानं लुटली असं आपण म्हणतो. खरं तर पुष्कळदा आपणच ती लाजेपोटी दारापर्यंत नेऊन देतो. ती लाज सोडा! शिकवणारं माणूस घरात आहे तोवर त्याच्याजवळ जाऊन बसा. दीपाही बसली, पण तोवर पाच टाक्यांपुरताच वेळ उरला होता.