शेवटच्या क्लिकचा नियम

अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला. तळहातात मावेल एवढा फोमचा तुकडा, गादीच्या कोपऱ्यातून सुरीनं कापून काढलेला, पिवळट, एका कडेला कुरतडल्यासारखा — आणि त्याच्या मधोमध तिच्या अंगठ्याचा ठसा, कुणीतरी घाईत दाबून गेल्यासारखा. चार... पाच... सहा... तळ हळूहळू वर येत होता. आठव्या सेकंदाला फोम सपाट झाला आणि तिनं वहीत आठ लिहिलं. चांगला फोम पाच सेकंदांत विसरतो. हा रेंगाळतो. हा मनात ठेवतो, असं लिहावं का? — नको. वाचणाऱ्याला गादी हवी असते, गादीचा स्वभाव नको असतो.

पुन्हा दाबला. जरा जास्तच जोरात.

आईचा फोन येऊन पाऊण तास झाला होता.

‘अगं, काय गादी आहे म्हणून सांगू! काल दुपारी आली. रात्रभर कूस बदलायला लागली नाही मला. धाकटीनं पाठवली.’ मग तोंड भरून कौतुक, आणि मग, सहज, भाजी निवडता निवडता बोलावं तसं — ‘तिच्याच त्या लिंकवरनं मागवली म्हणे. म्हणाली, आई, तेवढंच माझं कमिशन सुटेल. हुशार आहे हो पोरगी. तुझं काय चाललंय? अजून झोपतेसच का गाद्यांवर?’

झोपतेच आहे, आई.

कुणी विचारलं तर ती धंदा असा समजावून सांगायची: मी गाद्यांवर झोपते, कशी झोप लागली ते वेबसाइटवर लिहिते, लेखाखाली कंपनीची लिंक देते, वाचून कुणी त्या लिंकवरून गादी घेतली तर मला कमिशन. अफिलिएट मार्केटिंग म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो, गादी म्हटलं की उजळतो. मग तो आपल्या कंबरेचं सांगायला लागतो. नऊ गाद्या, प्रत्येकीवर अकरा रात्री. पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला एका टोकाला ठेवून दुसऱ्या टोकाला धपकन बसायचं, किती सांडतं ते मोजायचं. नवरा पलीकडच्या खोलीत जुन्या सतरंजीवर झोपायचा आणि आल्यागेल्याला सांगायचा, ‘आमच्याकडे गाद्या नऊ, पण झोप लागते ती मला एकट्यालाच.’

आणि त्या नऊमधून निवडलेली एक. तीन हजार शब्दांचा लेख, सत्तरीनंतरच्या पाठीसाठी. ते तीन हजार शब्द लिहिताना डोळ्यांसमोर सत्तरीनंतरची कुठली पाठ होती, हे लेखात कुठंही नव्हतं. कसं असेल? पुढच्या महिन्यात आईचा वाढदिवस. तेव्हा पाठवायची म्हणून तिनं ठरवून ठेवलं होतं, स्वतःच्या पैशानं, लिंकबिंक काही न वापरता... ठरवून ठेवलं होतं! तिची सगळी कामं अशी ठरवून ठेवलेली असतात, घडी घालून, आणि तेवढ्यात कुणीतरी घडी उलगडून अंगावर घेऊन चालू पडतं.

कुणीतरी कशाला. धाकटी.

धाकटीला या धंद्यात तिनंच आणलं होतं. बोट धरून. हे असं लिहायचं, ही अशी लिंक बनवायची, हे नियम. धाकटीनं लिहिलं काहीच नाही. फोन खिडकीत टेकवून ठेवला, दोन्ही हात पसरून गादीवर स्वतःला झोकून दिलं, हसली, आणि खाली आपली लिंक आणि सवलतीचा कोड टाकला. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. लोक सकाळी ताईचा लेख वाचतात, नऊ गाद्यांचा तक्ता बघतात, त्यांची खात्री पटते, ते नवऱ्याला विचारतात, बायकोला विचारतात — आणि संध्याकाळी घ्यायच्या वेळी धाकटीचा हसरा चेहरा समोर येतो, सवलत दिसते, बोट तिथं पडतं. आणि कंपनीचा नियम असा, की गिऱ्हाईक कितीही दारं हिंडून आलेलं असो, शेवटचा क्लिक ज्याच्या लिंकवर, विक्री त्याची. अख्खी.

बाकीच्यांसाठी कंपनीच्या अहवालात एक रकाना असतो. ‘मदत’. गेल्या महिन्यात तिच्या नावापुढे — विक्री नऊ, मदत चारशे बारा. मदतीला काही मिळत नाही. आकडा दाखवतात मात्र. का दाखवतात? न दाखवतील तर माणूस सुखानं जगेल.

चारशे बारा. तिनं फोमचा तुकडा टेबलाच्या कडेला सारला आणि लॅपटॉप पुढे ओढला.

पान उघडलेलंच होतं. ‘गैरप्रकार कळवा.’ फोन ठेवल्याबरोबर उघडलं होतं, आणि मग आपण ते उघडलं नाही असं समजून ती फोम दाबत बसली होती. स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी खरेदी करायची नाही — पहिल्या दिवशी, पहिल्या पानावर, ठळक अक्षरांत. केली आणि कुणी कळवलं, तर खातं बंद. कायमचं, त्या माणसाच्या नावावर पुन्हा कधी उघडत नाही. हा नियम धाकटीला कुणी शिकवला होता? मीच. या टेबलाशी. ती तेव्हा नखं रंगवत होती आणि म्हणाली होती, ‘ताई, तू शिकवायला लागलीस ना, की मला शाळेत बसल्यासारखं होतं, झोपच येते.’

नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर धाकटीचं घर त्या खात्यावरच चालतं. हे ठाऊक असूनही पान उघडलं. ठाऊक होतं म्हणूनच उघडलं?

खातेधारकाचे नाव. भरलं. प्रकार. निवडला. ‘तपशील लिहा. आपले नाव गुप्त ठेवले जाईल.’ रिकाम्या चौकटीत कर्सर लुकलुकत होता आणि रिकामी चौकट दिसली की तिची बोटं थांबत नाहीत, एवढ्या वर्षांची सवय —

*सदर खातेधारक मी जन्मापासून वापरून पाहिली आहे.*

*फायदे: वजनाला हलकी. कुठल्याही घरात सहज मावते. पहिल्या स्पर्शाला मऊ. हसू टिकाऊ, धुतलं तरी रंग जात नाही. आईवडिलांना विशेष पसंत.*

*तोटे: आधार कमी. जास्त वेळ भार सोसत नाही. गरज असते तेव्हा उपलब्ध नसते; सगळं आटोपत आलं की हजर होते.*

*कोणासाठी योग्य: ज्यांना*

ती थांबली. हे काय लिहितोय आपण? हसू आलं, आणि हसू अर्ध्यातच आंबलं, कारण ‘आटोपत आलं की’ हे शब्द गादीचे नव्हते, लिंकचेही नव्हते.

बाबा तीन वर्षं पडून होते. गाद्यांचं शास्त्र ती कुठं शिकली हे वेबसाइटवर ‘माझ्याविषयी’मध्ये लिहिलेलं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर माकडहाडापाशी कातडी लाल होते, मग काळी, मग उघडते. टाचांखाली पोकळी ठेवायची. चादरीची एक सुरकुतीसुद्धा रात्रीत जखम करते. तीन वर्षं बाबांच्या पाठीवर एक ओरखडा उमटू दिला नाही तिनं. डॉक्टर म्हणाले होते, अशी पाठ मी पाहिली नाही. शेवटच्या दिवशी दुपारी धाकटी आली, अकरा तासांचा प्रवास करून. म्हणाली, ‘ताई, तू घरी जाऊन अंघोळ करून ये, मी बसते.’ ती गेली. पाऊण तास. परत आली तेव्हा बाबांचं डोकं धाकटीच्या मांडीवर होतं आणि खोलीतले सगळे उभे होते.

आई अजून सांगते, येईल त्याला सांगते. ‘धाकटीची वाट बघत होते हो. तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि गेले.’ लोक धाकटीकडे बघतात. धाकटी खाली बघते. आणि मी चहाचे कप गोळा करते.

मदत... दर दोन तासांनी, तीन वर्षं. काढा आता आकडा.

फोन वाजला. धाकटी.

घ्यायचा नाही असं तिनं ठरवलं आणि घेतला.

‘ताई! आईनं तुला सांगितलं ना गादीचं? आधी मीच सांगणार होते तुला. घोळच झाला सगळा.’

‘सांगितलं.’

‘तुझीच निवड गं. पहिल्या नंबरची. सगळा लेख वाचला मी, तक्त्यासकट.’

‘तू? तीन हजार शब्द?’

‘दोन बैठकांत,’ धाकटी हसली. ‘मध्ये झोप लागली. गादीचाच लेख, म्हणजे चांगलाच असणार.’

तिला हसायचं नव्हतं. ‘आई म्हणत होती, धाकटीनं पाठवली.’

‘मी सांगितलं होतं तिला, ताईनं निवडली म्हणून. आईचं काय घेऊन बसलीस? तिला जो दार वाजवतो तो दिसतो.’

‘स्वतःच्या लिंकवरून घेतलीस.’

‘...चालत नाही, नाही का? तू सांगितलं होतंस. बटण दाबल्यावर आठवलं. जाऊ दे, कोण बघतंय.’

कर्सर लुकलुकत होता. *ज्यांना* — त्याच्यापुढे.

‘बघणारे असतात,’ ती म्हणाली. आपला आवाज तिला शिक्षिकेसारखा वाटला, आणि धाकटीला या क्षणी झोप येत असेल असंही वाटलं, आणि त्या एवढ्याशा गोष्टीनं तिच्या आत काहीतरी सुटलं — ‘तुझं नेहमी असंच. सगळं होत आलं की तू येतेस. आणि लोकांना वाटतं तूच केलंस. बाबांच्या वेळीसुद्धा.’

बोलून गेली. बाबा गेल्यानंतरच्या चौदा वर्षांत पहिल्यांदा.

‘बाबांच्या वेळी काय?’

‘शेवटी तूच होतीस. तुझीच वाट बघत होते ते.’

‘असं आई म्हणते.’

‘मग?’

मागे कुठंतरी नळ चालू होता, तो धाकटीनं बंद केल्याचं ऐकू आलं.

‘ताई, त्यांनी मला ओळखलंच नाही. मांडीवर डोकं घेतलं तर डोळे मिटूनच म्हणाले, आलीस का? आणि तुझं नाव घेतलं. दोनदा. तू गं, तू... मी अकरा तास गाडीत उभी होते. मी काय म्हणू? नाही बाबा, ती अंघोळीला गेलीय?’

‘मग काय म्हणालीस?’

‘हो म्हणाले.’

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

‘हो म्हणाले आणि ते गेले. आता हे आईला कसं सांगायचं? आणि तुला तरी कशाला सांगायचं होतं? तुझ्याकडे सगळंच होतं. एवढं एक खोटंनाटं का होईना, माझ्याकडे राहू दे म्हटलं.’ नाक ओढलं, मग तोच नेहमीचा आवाज. ‘चल, ठेवते. दूध उतू जाईल. आणि ते लिंकचं काय करू? कंपनीला कळवून टाकू का मीच? तू सांगशील तसं.’

‘सांगते,’ ती म्हणाली. ‘नंतर सांगते.’

फोन खाली ठेवला. खोली होती तशीच होती. भिंतीला टेकवलेल्या गाद्या एकीमागे एक उभ्या होत्या, नंबर लावल्यासारख्या. चौकटीत फायदे होते, तोटे होते.

आता बरं वाटायला हवं होतं. चौदा वर्षं मी जे मागत होते ते कुणीतरी आणून हातात ठेवलं होतं — नाव माझं होतं, दोनदा. तिनं वाट बघितली. बरं वाटेना. छातीत जिथं ती जुनी जळजळ असायची, ओळखीची, जवळजवळ सोबतीची, तिथं ती चाचपून बघत होती, जीभ पडलेल्या दाताच्या जागी जाते तशी. तिथं काही नव्हतं. आणि मग, जरा बाजूला, नवीन काहीतरी टोचलं.

मी हो म्हटलं असतं का?

नसतं म्हटलं. ती बाबांना ओळखत होती आणि स्वतःलाही. बाबांनी हाक मारली की ती म्हणायची, ‘काय हवंय? पाणी, की कूस?’ तीन वर्षं हेच. त्या दुपारी ती तिथं असती तर हाक येताच उशी नीट केली असती, चादर ओढली असती, विचारलं असतं — पाणी, की कूस? — आणि ते त्या प्रश्नाचं उत्तर न देता गेले असते. धाकटीला काहीच ठाऊक नव्हतं. कुठली कूस, कुठली औषधं, काही नाही. म्हणून ती फक्त हो म्हणाली. कशी म्हणाली असेल? हळू? की नेहमीच्या त्या आवाजात, हसऱ्या, अर्धवट, ज्यावर गिऱ्हाइकांची बोटं आपोआप पडतात? बाबांना शेवटी कानावर पडलं ते हे. माझ्या नावावर. आणि कसलं सुरेख उत्तर होतं ते... मला सुचलं नसतं.

हे चारशे बारापेक्षा वाईट होतं. चारशे बाराची निदान तक्रार करता येत होती.

तिनं लिहिलेलं सगळं निवडलं, निळं झालं, पुसलं नाही, पाठवलंही नाही. तसंच निळं ठेवून ती खुर्चीत मागे टेकली. शेजारच्या खोलीत नवऱ्यानं काहीतरी पाडलं आणि तिच्या नावानं हाक मारली, कुठं आहेस गं, आणि तोंडात आलेलं ‘काय हवंय?’ तिनं दातांशीच अडवलं.

‘हो,’ ती म्हणाली.

कोरडं निघालं. बँकेतल्या बाईसारखं. ती घसा साफ करून, आवाज जरा खाली आणून, पुन्हा म्हणून बघायला लागली.