मेढीखालचा पाना

चोरीला गेलो? मी? आरं रघ्या, डोस्कं ठिकान्यावर हाय का तुझं? सख्ख्या मेव्हन्याला चोर म्हनतोस, आनि म्हनताना उभा कुठं ऱ्हातोस? माझ्याच डोक्यावर! तुझ्या बुटाची टाच आनि माझा जबडा, मधी फकस्त वीतभर माती. मी खालनं बोंबलतोय, "हितं हाय, हितं!" पन लोखंडाची बोंब कुनाला ऐकू येते?

मी पाना बोलतोय. नळाचा पाना. अठरा इंची, लाल दांड्याचा. रंग गेला, ताकद न्हाय गेली. जन्म पंजाबातल्या कारखान्यात, पन मानसात आलो तो अंबाडीच्या हार्डवेरवाल्याकडं. तिथनं रघूनं मला उचलला, वजन बघितलं, आनि मेव्हना मनोजला म्हनाला, "ह्यो आपला."

आपला म्हनाला, माझा न्हाय. ध्यानात ठेवा.

दहा वर्सं दोघांनी मला भिवंडीभर फिरवला. एका गाडीवर तिघं, रघू, मनोज आनि पिशवीत मी. पावरलूममधी पाईप फुटला का फोन, "रघूभाई, जल्दी आओ, धागे का बीम भीग रहा है!" रघू सांगनार, "बस, पहुँच गया, नाके पे हूँ." कसला नाका! घरी बसलेला असतो उघडा, डोक्याला साबन. आनि मनोज दारात गाडीचा हारन दाबतोय.

मानसाची गंमत सांगतो. घरात पाईप फुटला का मानूस आधी भोकावर हात दाबून धरतो. मग बायकोवर आरडतो. बायको म्हनते, "मी फोडला का?" मग घरातल्या बालद्या, पातेली, पार चहाचं भांडंबी भरून होतं. तवा कुठं प्लंबरची आठवन! हाटेलात बेसिन तुंबलं, दवाखान्यात टाकी फुटली, सगळीकडं ह्योच तमाशा. मग मी जातो, एकदा कचकन चावतो, पानी गप. आनि रघ्याचे उपकार काय? हातोडा घरी विसरतो आनि माझ्या डोक्यानं खिळे ठोकतो. हरामखोर!

पन शेलार गावच्या हळदीसारखी मजा दहा वर्सांत न्हाय आली.

केसरीनाथ शेठच्या पोरीची, करिष्माची हळद. सकाळी दारात मांडवाची मेढ रोवायची व्हती. लाकडाचा खांब, त्याला उंबराची फांदी, आंब्याची डहाळी. शेठच्या भावबंदांनी पहार घेतली आनि अशी हानली, अशी हानली, का सरळ खालच्या नळाच्या पाईपात! तवा कळलं न्हाय, कारन पानी सुटलं नव्हतं. मेढ रोवली, पूजा झाली, नारळ फुटला.

दहाला पानी सुटलं.

काय उडालं म्हनता! मेढीच्या बुडातनं थेट उंबराच्या पानापत्तूर. पाव्हन्यांची इस्त्रीची कापडं भिजून अंगाला चिकटली. बेंजोवाल्यांना वाटलं, शेठनं डेकोरेशनला कारंजं लावलंय. त्यांनी जोरात धरला ठेका! गावचा पानी सोडनारा मानूस मांडवातच तोंडाला हळद फासून नाचत व्हता, आनि पानी बंद करायच्या वॉलची चावी कुठं ठेवली ते त्याला आठवंना.

रघू-मनोज आले. रघूनं मेढीचं बूड उकरून बघितलं. "शेठ, मेढ काढा. पाईप खालीच फुटलाय."

शेठची थोरली भैन कमळआत्या पदर खोचून आडवी आली. "मेढीला हात लाव, हात तोरून ठेवीन! रोवलेली मेढ लगीन लागल्याबिगर काढाची न्हाय."

"बाय, घर पान्यात बुरला!" शेठ रडकुंडीला आले.

"बुरू दे! पोरीचा लगीन हाय. मेढ हलनार न्हाय."

करिष्मा दारात उभी, हळदीच्या पिवळ्या साडीत, डोळ्यांत पानी. रघूनं तिच्याकडं बघितलं आनि मला पिशवीतनं काढला.

मेढीला धक्का न लावता त्यानं बाजूनं खड्डा केला. सायकलची ट्यूब फाडून भोकावर गुंडाळली आनि वर मला चढवला. कचकन! दात रुतले. पानी गप! माझा दांडा त्यानं तारेनं मेढीलाच बांधला आनि मनोजला म्हनाला, "पळ, भिवंडीतनं भोकावर आवळायला क्लॅम्प आन. तवर ह्यो धरून ऱ्हाईल."

मनोज गेला. रघूला पोरांनी उचलला. "प्लंबर भाऊ नाचलंच पायजे!" हळद फासली, टोपी घातली, काय पाजलं ते त्याचं त्याला ठावं. रघ्या असा नाचला, असा नाचला, का शेवटी भाताच्या पोत्यांवर घोरत पडला.

हिकडं कमळआत्या आली. खड्डा बघितला. "आता पानी गलत न्हाय ना? मंग बुजवा. मेढीपाशी उघडा खड्डा नको." बायकांनी माती लोटली, शेनानं सारवलं, वर रांगोळी काढली. गेलो मी जित्तेपनी आत!

मनोज क्लॅम्प घेऊन परत आला तर रांगोळी! त्याला वाटलं, दाजीनं काम उरकलं. रघूला जाग आल्यावर वाटलं, मनोजनं क्लॅम्प लावून पाना पिशवीत टाकला. दोघं एकमेकाला न विचारता घरी. दहा वर्सांत विचारायची कवा गरजच नव्हती पडली.

पाचव्या दिवशी रघू शोधत आला. आत्या म्हनाली, "कनचा पाना? मातीत लोखंड व्हता तो नलाचाच व्हता, तो आम्ही तसाच बुजवला."

आरं, सांगितलं की तिनं! पन रागावलेल्या मानसाचे कान फकस्त टोपी अडकवायला. रघ्यानं मनोजला फोन लावला, फोनचा स्पीकर चालू.

"दाजी, आईशप्पत, मी आलो तवा खड्डाच नव्हता. क्लॅम्प अजून पिशवीत पडलाय माझ्या."

"क्लॅम्प हाय आनि पाना न्हाय? इकून खाल्लास! चोर! माझ्या दारात पाय ठेवू नको."

पलीकडनं फोन कट. जाताना रघू शेठला सांगत व्हता, मनोजवर संशय घेतल्यापासनं बायको तुळजाबी बोलत न्हाय त्याच्याशी. का बोलंल? भाऊ हाय तिचा!

आज चौदावा दिवस. करिष्मा सासरी सुखात हाय, आत्या रोज सांगते येनाऱ्याजानाऱ्याला. लगीन लागलं, आता परवा मेढ उपटनार. माझा दांडा तिलाच बांधलाय. ट्यूब सुटत आलीय, एक थेंब माझ्या दातातनं झिरपतोय. मी सोडला असता तर कवाच कारंजं उडालं असतं आनि तुला बोलावनं आलं असतं. पन न्हाय सोडला. तुझा हात लागलाय त्या कामाला.

रघ्या, आता जरा डोस्कं चालव. क्लॅम्प मनोजच्या पिशवीत हाय, तर चौदा दिवस पानी कुनी धरलंय?

कळलं? मग बसू नको तोंड बघत. आधी मनोजच्या दारात जा. हात जोड. त्याला गाडीवर फुडं बसव, क्लॅम्प घे, फावडा घे, शेलारला या. मेढीच्या उजव्या अंगाला, वीतभर खोल. आनि खनायचं तू. वर काढायचं मनोजनं.

ऊठ.