विषयांतर

लेकीने कॅसेटच्या भोकात पेन्सिल घातली आणि लोंबणारी फीत गुंडाळायला घेतली. सकाळपासूनची ही नववी. बाबा मानववंशशास्त्रज्ञ, त्यांचं चाळीस वर्षांचं काम न्यायला उद्या संग्रहालयाची गाडी येणार होती, आणि ते अजून एकेका खोक्यापाशी अडून बसले होते.

"अगं, ही गाणी घेऊन जा ना," ते पाहुणीला चौथ्यांदा म्हणाले. "पेरणीची आहेत, लग्नातली आहेत. जगभरातून लोक मागतात."

पाहुणी डोंगरातल्या शाळेत शिकवायची. या कॅसेटमध्ये तिची आजी होती. बाबांच्या तिन्ही पुस्तकांत तिचा उल्लेख 'एक वृद्धा' एवढाच होता.

"गाणी आम्हाला येतात, सर. माझ्या आईला आजीचं नुसतं बोलणं ऐकायचंय. रागवायची कशी, हसायची कशी."

"तसलं सगळं मी गाळलंय."

"वहीतून गाळलंत. फितीवर असेल की."

बाबांनी कपाळाला हात लावला. जन्मभर डोंगर तुडवायचे, हिवताप अंगावर काढायचा, एका समाजाची गाणी मरू नयेत म्हणून जिवाचं रान करायचं. आणि त्याच समाजातली मुलगी घरी येऊन नेमका कचरा मागते! तणतणत त्यांनी वही उघडली. 'वृद्धेचे विषयांतर. गाळले.' एकाच पानावर सात वेळा.

लेकीला दोघांचाही वैताग आला होता. या वह्यांना हात लावला म्हणून लहानपणी तिने कमी बोलणी खाल्ली नव्हती. तिने कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली आणि बटण दाबलं. पाहुणीने आपला मोबाइल जवळ धरला.

आधी खरखर. मग एक खणखणीत म्हातारा आवाज, लेकीला न कळणाऱ्या भाषेत. पाहुणीचे डोळे भरून आले. थोड्या वेळाने ती खुदकन हसली आणि एकदम गप्प झाली.

"काय म्हणाली?" लेकीने विचारलं.

"काही नाही," बाबा घाईने म्हणाले. "विषयांतर आहे. पुढे घे."

पाहुणी चुळबुळली.

"तू सांग गं," लेक म्हणाली.

"आजी विचारतेय, तुझी लेक केवढी? सर म्हणाले, पाच. मग म्हणाले, बहुतेक. तर आजी म्हणते, बहुतेक? माझ्या सगळ्या शेळ्यांची वयं मला पाठ आहेत, आणि तुला एका पोरीचं सांगता येईना? माझं राहू दे. जा, आधी तिचं लिही."

टेपवर तरुण बाबा काहीतरी अजिजीने सांगत होते. गाण्याकडे वळा म्हणत असावेत. लेकीने कॅसेटवरची तारीख पाहिली.

"साडेसात," ती म्हणाली. "दुसरीत होते मी."

बाबांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. मग त्यांनी पेन उचललं, एका 'गाळले'वर रेघ मारली आणि शेजारच्या समासात बारीक अक्षरात लिहिलं: साडेसात.

लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या वर्षांनी, आणि तेही समासात!

तिने टेप बंद केला, खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसली.

"तिथे नको," ती म्हणाली. "नवं पान घ्या."