वाकड्या घरातला सरळ दरवाजा

ढकलू नका, मी आता उघडत नाही. बाजूला स्टूल आहे, त्यावर बसा. मी दरवाजा बोलतोय. आयुष्यभर कोण आत येतंय नि कोण बाहेर जातंय एवढंच बघत आलो, पण बघताना कान काही बंद नव्हते. त्यामुळे माझ्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यातलं बरंचसं दोन साहेबांना आवडणार नाही.

मला बनवलं एका तोंडाळ सुतारानं. पाडलेल्या गोदामातून त्यानं सागाच्या फळ्या आणल्या, तासल्या, जोडल्या आणि मला चौकटीत बसवल्यावर एका बोटानं ढकलून दाखवलं. मी जराही न कुरकुरता मिटलो. घर पडेल पण हा दरवाजा हलायचा नाही, असं तो मालकाला म्हणाला. त्याला स्वतःचं कौतुक करायचं होतं, घराला शाप द्यायचा नव्हता.

घर उतारावरच्या रस्त्याला, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेत होतं. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागे, अंगणात, संडास. हा संडास ध्यानात ठेवा, पुढे त्याला फार महत्त्व येणार आहे.

मालक बस चालवायचा. सूनबाई घरीच शिवणयंत्रावर शाळेचे गणवेश शिवायची. सासूबाई माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसायच्या आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाचं काय चुकतंय ते सांगायच्या. रस्त्यावर कोणी नसलं, की सूनबाईचं काय चुकतंय ते सांगायच्या.

या सगळ्याच्या खाली जुनी खाण होती. आमची रांग उभी राहण्याच्या कितीतरी आधी ती बंद झाली होती. चालवणारी कंपनी उठून गेली, तोंडाशी भिंत बांधली, भिंतीवर गवत उगवलं. मग सरकारनं वर जमिनीचे तुकडे पाडून विकले आणि पालिकेनं घरं बांधायला परवानगी दिली. खाण बंद झाली म्हणजे संपली, असं सगळ्यांनी धरून चाललं. बंद केलं म्हणून पोकळ काही भरीव होत नाही, हे मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. बंद राहणं हा माझा धंदाच होता.

पहिल्यांदा मी अडलो तो वरच्या कोपऱ्यात. जरासाच. सूनबाईनं खांदा लावला आणि मी सुटलो. हवेतल्या ओलीनं दरवाजा फुगला, असा निर्णय झाला. सुतार आला, माझा कोपरा रंध्यानं तासून गेला. थोड्याच दिवसांत मी पुन्हा अडलो. पुन्हा रंधा. दुखणं घराचं आणि कापाकापी माझी, असा तो प्रकार होता. शेवटी एका बाजूनं माझ्यातून उजेड आत यायला लागला आणि दुसऱ्या बाजूनं मी तसाच अडत राहिलो. सुतारानं सांगितलं की आता आणखी तासलं तर दरवाजा नाही, फळी उरेल.

त्याच सुमारास घरात भांडणं सुरू झाली. सूनबाई यंत्रावर दोऱ्याची रिळं ठेवायची, ती गडगडत जाऊन स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात सापडायची. सासूबाईंना वाटलं, ही मुद्दाम पसारा करते. सूनबाईला वाटलं, सासूबाई मुद्दाम उचलून टाकतात. मालकाला दोघी आपापल्या बाजूनं सांगायच्या आणि तो बिचारा दोघींना हो म्हणून बसवर निघून जायचा. जमीन मागच्या बाजूला कलत होती. पण घरात माणसं असताना जमिनीवर कोण संशय घेणार?

मग एका दुपारी शेजारच्या मास्तरांच्या अंगणातली पाण्याची टाकी खाली गेली. पडली नाही, सरळ खाली गेली. तळाशी आपटल्याचा आवाज यायला इतका वेळ लागला, की मास्तर हातात बादली धरून तसेच उभे राहिले. त्या दिवशी अख्ख्या रांगेला खाण आठवली. संध्याकाळपर्यंत आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली होती. मालकानं स्वयंपाकघर बंद करून मधल्या दाराला फळ्या ठोकल्या. चूल पुढच्या खोलीत आली आणि संडासला जायचं तर माझ्यातून बाहेर पडून अख्ख्या रांगेला वळसा घालावा लागू लागला.

सूनबाई पालिकेत गेली. पालिका म्हणाली, जमिनीखालचं काही आमच्याकडे नाही, खाण खात्यात जा. खाण खातं म्हणालं, आम्ही खाण नियमाप्रमाणे बंद केली होती, घरं बांधायला आम्ही सांगितलं नव्हतं, पालिकेत जा. ती दोन्हीकडे इतक्या वेळा गेली, की दोन्हीकडचे शिपाई तिला बघून दुसऱ्या कचेरीचा पत्ता सांगायला लागले. एकदा घरी येऊन ती माझ्या पाठीला टेकून खाली बसली. सासूबाई बराच वेळ तिच्याकडे बघत होत्या. त्या दिवशी त्यांनी तिचं काहीच चुकलेलं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाई स्वतः निघाल्या. बरोबर आपली घडीची खुर्ची आणि वाटाण्याच्या शेंगांची पिशवी. एक दिवस पालिकेत, एक दिवस खाण खात्यात. साहेबांच्या खोलीबाहेर खुर्ची मांडायची आणि शेंगा सोलत बसायचं. कोणी विचारलं, की घरात बसायची सोय राहिली नाही म्हणून इथे बसते, असं शांतपणे सांगायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचं काय चुकतंय हेही सांगायच्या, आणि कचेरीत त्याला भरपूर वाव होता. अखेर दोन्ही साहेबांनी एकत्र पाहणीला यायचं कबूल केलं. जबाबदारी कोणाची ते ठरवायला नव्हे हो, सासूबाईंना उठवायला.

आले बाबा एकदाचे. खाणसाहेब उंच, मऊ बोलणारे. पालिकासाहेब ठेंगणे, सतत घाम पुसणारे. मालक फेरीवर होता. सूनबाईनं दोघांना आत घेतलं, चहा दिला, सासूबाईंनी आग्रह करून आणखी एकेक कप दिला. उघडा राहिलो की रस्त्यावरची गर्दी आत डोकावते, म्हणून पालिकासाहेबांनी मला स्वतःच्या हातानं लोटून घेतलं. कडीसुद्धा त्यांनीच घातली.

खाणसाहेबांनी भिंतीवर टिचकी मारली आणि बांधकाम हलकं असल्याचं सांगितलं. पालिकासाहेबांनी जमिनीवर पाय आपटला आणि खालून पोकळ आवाज येत असल्याचं सांगितलं. ते पाय आपटत राहिले, हे टिचक्या मारत राहिले. तेवढ्यात खालून, खूप खोलातून, एक धप्प असा आवाज आला.

घर हललं. माझी चौकट दोन्ही बाजूंनी दाबली गेली आणि तिनं मला असं आवळलं, की श्वास घ्यायला जागा राहिली नाही. सूनबाईनं कडी काढली, खांदा लावला. मी हललो नाही. खाणसाहेबांनी हँडल ओढलं, ते त्यांच्या हातात आलं. खिडक्यांना गज, मागचं दार फळ्यांनी ठोकलेलं. आत चौघं आणि बाहेर पूर्ण रांग.

मला त्यांना कोंडायचं नव्हतं. पण कोंडलेच गेले म्हटल्यावर वाईट वाटून घ्यायचं कारणही मला दिसेना.

अग्निशमनवाले आले. त्यांचा प्रमुख पहार घेऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि त्यानं विचारलं, दरवाजा कोणाच्या जबाबदारीवर तोडायचा? खाजगी मालमत्ता आहे, नाव लागतं. अग्निशमन पालिकेचं. पालिकासाहेबांनी आतून सांगितलं, की खाण खात्याच्या विनंतीवरून तोडा. खाणसाहेब मऊ आवाजात म्हणाले, आमची कसलीही विनंती नाही. खिडकीचे गज कापायचे का, असं बाहेरून विचारलं गेलं, तर तिथेही तोच प्रश्न. दोघांनी आपापल्या वरिष्ठांना फोन लावले. दोन्हीकडून सांगण्यात आलं, की काही कबूल करू नका.

सासूबाईंनी शेंगांची पिशवी काढली आणि एकेक मूठ दोघांच्या पुढ्यात ठेवली. रिकामं बसून काय करणार, म्हणाल्या. दोघं सोलायला लागले. थोड्या वेळानं खाणसाहेब पाय जवळ घेऊन बसले. मग उठले. मग पुन्हा बसले. शेवटी त्यांनी सूनबाईला हळूच विचारलं, की संडास कुठे आहे? तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. इथून बाहेर पडून रांगेला वळसा घालून, म्हणाली.

त्यांचा चेहरा बघून मला हसू येत होतं, तेवढ्यात दुसरा धप्प झाला. या वेळी छताला आडवी भेग गेली आणि गिलाव्याचा एक तुकडा शिवणयंत्रावर आदळला. मग कोणालाच हसू आलं नाही, मलाही नाही. बाहेर बायका ओरडल्या. प्रमुखानं पुन्हा विचारलं, कोणाच्या जबाबदारीवर?

"माझ्या," सूनबाई म्हणाली. "घर माझं आहे. तोडा."

सासूबाई खुर्चीतून उठल्या आणि तिच्या पुढे येऊन उभ्या राहिल्या.

"थांब गं. आजवर सगळं तुझ्याच जबाबदारीवर झालं. घर तू चालवलंस, हेलपाटे तू घातलेस, माझी बोलणीही तूच खाल्लीस. आज तुझं नाव नाही लागायचं." मग त्या साहेबांकडे वळल्या. "मी म्हातारी आहे. मला काही घाई नाही."

सूनबाईनं त्यांचा हात धरला. दुसरा हात त्यांनी माझ्यावर टेकवला.

वरून माती पडायला लागली. खाणसाहेब भिंतीकडे बघत होते, त्याच हलक्या बांधकामाकडे. एकाएकी त्यांचा मऊ आवाज गेला आणि ते रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "खाण खात्याच्या जबाबदारीवर तोडा."

"आणि पालिकेच्यासुद्धा," पालिकासाहेब त्यांच्या मागोमाग म्हणाले. एकट्यानं मागे राहायची त्यांना भीती वाटली असावी.

पहार माझ्या मधल्या फळीत घुसली. दुखलं. पण इतक्या आनंदानं आयुष्यात दुसरं काही सोसलं नाही. मी फुटलो, उघडलो, आणि चौघं बाहेर पडले. सगळ्यात आधी खाणसाहेब, आणि ते थांबले नाहीत, रांगेला वळसा घालून दिसेनासे झाले.

संध्याकाळी मालकानं हातगाडी आणली. नणंदेकडे राहायला जायचं ठरलं. यंत्र, भांडी, गाद्या निघाल्या आणि सूनबाई म्हणाली, दरवाजाही न्यायचा. मी बिजागऱ्यांवर लोंबकळत होतो. दोन्ही साहेब पंचनाम्यासाठी अजून तिथेच होते. पालिकासाहेब म्हणाले, या घरातली वस्तू वादात आहे, हलवता येणार नाही. सूनबाईनं त्यांना फक्त आठवण करून दिली, की याची जबाबदारी तुम्ही दोघांनी घेतलीय, साऱ्या रस्त्यानं ऐकलंय, तेव्हा आता उचला. आणि खरंच, एका टोकाला खाणसाहेब, दुसऱ्या टोकाला पालिकासाहेब, असे त्यांनी मला उतारावरून गाडीपर्यंत नेलं. एक डावीकडे ओढायचा, एक उजवीकडे. इतका मान मला कोणी दिला नव्हता आणि इतके धक्केही.

पुढे काही दिवसांनी दोन्ही खात्यांनी कळवलं, की आमची जबाबदारी दरवाजापुरतीच मानली जावी. हे ऐकून मालक डोकं धरून बसला. सूनबाई मात्र हसली. भरपाईचा दावा लावून सुनावणीला ती पूर्ण रांग घेऊन गेली आणि घरी येऊन तिनं सगळं नक्कल करून दाखवलं, म्हणून मला ठाऊक. सुनावणी घेणाऱ्या बाईंपुढे तिनं इतकंच विचारलं, की दरवाजा का तोडावा लागला? अडकला म्हणून. का अडकला? चौकट दबली म्हणून. चौकट का दबली? जमीन खचली म्हणून. जमीन का खचली, असं तिनं विचारल्यावर खाण खात्याच्या वकिलांनी पाणी मागवलं. आणि या जमिनीवर घर बांधायची परवानगी कोणी दिली, असं विचारल्यावर तोच पेला पालिकेच्या वकिलांनी घेतला.

निकाल लागायला खूप काळ गेला, पण लागला. साऱ्या रांगेला पलीकडच्या सपाट जागेवर घरं मिळाली. मास्तरांना टाकीही मिळाली. खर्च कोणत्या खात्यानं सोसायचा, यावर दोघांचं भांडण अजून चालू आहे. चालू दे. आम्ही त्यांच्या भांडणात राहत नाही, घरात राहतो. जुनी रांग तारेच्या कुंपणात आहे. आमचं घर अर्धं खाली गेलंय, हे मालक बसमधून बघून येतो आणि जेवताना सांगतो.

मी आता आडवा असतो. सुतारानं माझी फुटलेली फळी सांधली आणि खाली चार पाय लावले. माझ्यावर सूनबाई कापड पसरून बेतते. सासूबाई शेजारी बसून खडूनं खुणा करून देतात आणि बहुतेक खुणा चुकवतात. त्यांची नजर दुसरीकडे गेली की सूनबाई पुसून पुन्हा करते. निळ्या गणवेशांचा ढीग माझ्या छातीवर असतो. उभं राहून लोकांना अडवण्यापेक्षा हे काम मला मानवलंय.

आता निघा तुम्ही, हिला कापड पसरायचंय. जाता जाता एक मागणं. तुमच्या पायाखालची जमीन कधी खचली आणि कोणी साहेब पाहणीला आले, तर त्यांना उंबऱ्यावरून परत पाठवू नका. आत बोलवा, बसवा, चहा भरपूर द्या, आणि दरवाजा नीट लावून घ्या.