माझ्या कडेला एक कणही नव्हता

दचकू नका. ड्रॉवरमधून येणारा हा आवाज उंदराचा नाही, माझा आहे. मी एक डबी बोलतेय. तळहातावर सहज मावेन एवढी, गोल, पितळेची, आतून सोन्याचा मुलामा दिलेली. मला पाहून कुणाला तपकिरीची डबी वाटते, कुणाला औषधाच्या गोळ्यांची. एका आजीबाईंनी तर कानाच्या मशीनचा सेल माझ्यात ठेवून द्यायला सांगितला होता.

माझं खरं काम वेगळं आहे. चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, झाली की वेदीवरची पवित्र भाकर, म्हणजे नाण्याएवढी पातळ पांढरी चकती, माझ्यात ठेवतात. ज्यांना अंथरुणातून उठून चर्चला येणं जमत नाही, त्यांच्या घरी मला नेतात. आमच्या लोकांच्या श्रद्धेनं ती नुसती भाकर नसते, साक्षात प्रभू असतो. आता म्हणा मला तपकिरीची डबी!

मला घडवणारा कारागीर भारी बोलघेवडा. ऐकायला कुणी नसलं तरी लेथशी बोलायचा. माझी आतली कड त्यानं पुन्हा पुन्हा घासली, बोट फिरवून पाहिलं, परत घासली. त्याला सांगितलेलं असायचं की अशा डबीत कण अडकून राहता कामा नये, कारण या भाकरीचा बारीकसा कणही पूर्ण प्रसादच असतो. "हिच्या कडेला कण अडकला तर माझं नाव बदला," असं तो यंत्राला म्हणाला. त्याचं नाव कुणाला बदलावं लागलं नाही. या गोष्टीचा मला फार वर्षं तोरा होता.

आधी मी एका वयस्कर फादरांच्या खिशात राहिले. त्या खिशात किल्ल्याही असत, म्हणून माझ्या झाकणावर ओरखडे आहेत. ते वारल्यावर मी कपाटात पडून राहिले. पुढे आजारी माणसं वाढली आणि फादर एकच उरले. तेव्हा शिकवून-सवरून, परवानगी देऊन साध्या संसारी माणसांच्या हाती कम्युनियन, म्हणजे ही भाकर, द्यायचं काम सोपवलं गेलं. मी ज्यांच्या हाती आले त्या होत्या ब्रेकबाई.

ब्रेकबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे. त्या लोकांना गाडी चालवायला शिकवत. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटखाली जास्तीचा ब्रेक असतो ना, तो त्यांच्या पायाखाली असायचा. शिकणाऱ्यानं खांबाकडे मोहरा वळवला की बाईंचा पाय पडलाच. "अहो, खांब कुठे पळून जात नाही, एवढी घाई कशाला?" असं म्हणायच्या. आवाज खणखणीत, पण मन लोण्याचं. रविवारी मात्र गाडीतून जाताना कुणाशी एक शब्द बोलायच्या नाहीत. मी दोरी लावलेल्या कातडी पिशवीतून त्यांच्या गळ्यात असायची आणि मी भरलेली असताना वाटेत गप्पा मारायच्या नाहीत, कुठे थांबायचं नाही, असा नियमच आहे. एकदा पेट्रोलपंपावर ओळखीचा माणूस तोंडभर हसून समोर आला, तर बाई नुसत्या मान हलवून निघून गेल्या. तो महिनाभर रुसला होता.

बाईच्या हातून कम्युनियन घ्यायला सुरुवातीला लोकांची कुरकुर होती. "फादरांना वेळ नाही का?" असं एका पेन्शनर आजोबांनी तोंडावर विचारलं. बाई म्हणाल्या, "वेळ नाही म्हणूनच मी आलेय. माझ्या हातांकडे बघू नका, हातात काय आहे ते बघा." आजोबांनी तोंड वाकडं केलं आणि मग उघडलं. पुढे तेच दर रविवारी खिडकीत बसून गाडीची वाट बघायचे.

हे काम बाईंनी का घेतलं, ते सांगायलाच हवं. त्यांचे थोरले भाऊ सुतार. आमच्या चर्चची बाकं त्यांच्या हातची. मिस्सेचे कपडे नि भांडी ठेवतात त्या मागच्या खोलीतलं हे कपाटही त्यांनीच केलं, ज्याच्या ड्रॉवरमध्ये मी आता आहे. आवाज न करता सरकणारा ड्रॉवर त्यांच्यासारखा कुणी केला नाही. त्यांची बायको, म्हणजे बाईंची वहिनी, शेवटच्या दुखण्यात सारखी कम्युनियन मागत होती. दादा धावत फादरांकडे गेले, तर ते कसल्याशा बैठकीला गेलेले. निरोप ठेवला, पुन्हा गेले, पुन्हा निरोप ठेवला. फादर जिना चढून आले तेव्हा वहिनींचे डोळे मिटलेले होते. दादांनी त्यांना दारातच सांगितलं, "आता तुमची गरज नाही." त्या दिवसापासून त्यांनी चर्चची पायरी चढली नाही. स्वतः केलेल्या बाकावर पुन्हा कधी बसले नाहीत.

वहिनीसारखं पुन्हा कुणाचं होऊ नये म्हणून ब्रेकबाईंनी मला गळ्यात घातलं. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं, पण गाडीत एकट्या असताना त्या प्रार्थनेत वहिनीचं नाव घ्यायच्या आणि झाकण बंद असलं तरी मला सगळं ऐकू येतं.

मग दादाच अंथरुणाला खिळले. फुप्फुसाचं दुखणं, लाकडाचा भुसा आयुष्यभर छातीत गेलेला. मुलगा परगावी नोकरीला, घरात सून. रविवारच्या फेरीत बाईंनी दादांचं घर शेवटचं ठेवलं. दर वेळी माझ्यात एक भाकर त्यांच्यासाठी जास्तीची असायची.

"दादा, घेणार?" बाई विचारायच्या.

"आली पोस्टमन," दादा म्हणायचे. "पत्ता चुकलाय तुमचा. पुढचं घर बघा." आणि भिंतीकडे तोंड करायचे.

घ्यायला कुणी नसलं तर ती भाकर कुठेही ठेवून देता येत नाही. चर्चमध्ये परत न्यायची, नाहीतर नेणाऱ्यानं स्वतः घ्यायची. तोवर चर्चला कुलूप लागलेलं असायचं. म्हणून बाई तिथेच, दादांच्या पाठीकडे बघत, स्वतः घ्यायच्या. मग बोट ओलं करून माझी कड पुसायच्या, पाण्यानं मला विसळून ते पाणीही पिऊन टाकायच्या. सून दारात पदर चाळवत उभी राहायची. सगळ्यांनाच अवघडल्यासारखं व्हायचं.

असे किती रविवार गेले कोण जाणे. बाईंचा आवाज दर वेळी थोडा खाली जात होता. शेवटी एका रविवारी त्या जिन्याच्या मधल्या टप्प्यावर थांबल्या. वरून दादांचा खोकला ऐकू येत होता. बाई पायरीवर बसल्या, मला उघडलं आणि दादांची भाकर तिथेच स्वतः घेतली. कड पुसली. पिशवीत पाण्याची छोटी बाटली होती, त्या पाण्यानं मला विसळलं. मग वर जाऊन नुसत्या भावाची विचारपूस केली, चहा घेतला, औषधं बघितली आणि निघाल्या. "दादा, घेणार?" हे विचारलंच नाही. मला वाटलं, बरं झालं, बाईंचा अपमान तरी वाचला. पुढच्या रविवारीही तसंच. मग त्याची सवयच पडली.

त्यात बाईंचं काय चुकलं, सांगा. दर रविवारी नकार ऐकून कुणाचंही मन विटतं. उत्तर पाठ झालेलं असताना प्रश्न कोण विचारत बसणार?

मग एका रविवारी, नेहमीसारखं जिन्यातच सगळं उरकून आम्ही वर गेलो, तेव्हा खोली आवरलेली होती. दादा उशीला टेकून बसले होते. दाढी केलेली, स्वच्छ सदरा, केस विंचरलेले. श्वास मात्र फार वर लागलेला.

"वा, आज नवरदेवासारखे बसलात की!" बाई म्हणाल्या.

"आत्या, सकाळपासून मागे लागलेत," सून म्हणाली. "दाढी करून दे, सदरा बदलून दे. मला वाटलं, डॉक्टर येणार आहेत."

बाई नाडी बघायला वाकल्या. दादा त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आज पण नाही विचारणार का?"

"काय, दादा?"

"गेल्या रविवारी पण विचारलं नाहीस." दम लागला म्हणून ते थांबले. "मी वाट बघत होतो. आपण होऊन कसं म्हणू? इतके दिवस तुला घालवून दिलं. म्हटलं, विचारेल, मग हो म्हणू." मग त्यांनी हात जोडले. बहिणीपुढे नव्हे, तिच्या गळ्यातल्या पिशवीपुढे, माझ्यापुढे. "दे. तुझ्या वहिनीचं राहिलं, निदान मला तरी मिळू दे."

बाईंनी मला बाहेर काढलं. का काढलं, देव जाणे. मी रिकामी आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? झाकण उघडलं आणि त्या माझ्या कडेवरून बोट फिरवू लागल्या. एकदा, परत, उलट्या बाजूनं. मला उजेडाकडे तिरकं धरलं. नख लावून पाहिलं. कण शोधत होत्या. एक कण मिळाला असता तरी सगळं मिळाल्यासारखं होतं. पण त्याच बोटांनी जिन्यात मला पुसलं होतं, विसळलं होतं. आणि माझी कड, त्या कारागिराची कृपा, आरशासारखी. मी जीव तोडून आठवत होते, कुठे खाच आहे का, कुठे ओरखडा आहे का. ओरखडे सगळे बाहेर, आत एकही नाही. आयुष्यभर ज्या गुळगुळीतपणाचा तोरा मिरवला, त्याचा त्या क्षणी मला इतका संताप आला की कुणीतरी दगडानं ठेचावं असं वाटलं.

"रिकामी?" दादांनी विचारलं.

बाईंनी झाकण लावलं.

दादा हसले. रागानं नव्हे, आणि तेच जास्त लागलं. "तुमच्या लोकांचं आणि वेळेचं कधी जमतच नाही बघ."

"आणते, दादा. आत्ता आणते. गेले नि आले."

"जा. मी आहे इथेच. मी कुठे जाणार?"

बाई जिना कशा उतरल्या, त्यांनाही ठाऊक नसेल. गाडी अशी हाणली की शिकाऊ माणसानं तशी चालवली असती तर त्याला तिथेच खाली उतरवलं असतं. चर्चला कुलूप. फादर दुसऱ्या वस्तीत मिस्सेला गेलेले. किल्ली ज्याच्याकडे असते तो घंटा वाजवणारा म्हातारा कुणाकडे तरी जेवायला गेलेला. बाई त्याला शोधत दारोदार फिरल्या. भेटला तेव्हा तो हात धुऊन यायला निघाला, तर त्याला तसाच खरकट्या हातानं गाडीत बसवला. भाकर जपून ठेवतात ती वेदीमागची पेटी उघडली, भाकर माझ्यात ठेवली आणि आम्ही निघालो. नियमाप्रमाणे बाई वाटेत बोलल्या नाहीत. फक्त त्यांच्या श्वासाबरोबर मी वर-खाली होत होते.

सून जिन्यातच भेटली. नुसतीच बाईंना धरून उभी राहिली.

दादा तसेच उशीला टेकलेले होते. तोंड भिंतीकडे नव्हतं, दाराकडे होतं.

गेलेल्या माणसाला कम्युनियन देता येत नाही. बाई माझं झाकण धरून कितीतरी वेळ बसल्या होत्या. पण घरात माणसं जमू लागली आणि भाकर तशीच ठेवता येत नाही. ती त्यांना स्वतःच घ्यावी लागली. दादांसाठी आणलेली, दादांच्या समोर, पुन्हा एकदा. तोंड कोरडं पडलेलं, गिळता येईना. सुनेनं पाण्याचा पेला पुढे केला. कितीजणांच्या तोंडी माझ्यातली भाकर गेली, पण एवढ्या यातनांनी ती उतरलेली मी कधी पाहिली नाही.

दफनानंतर बाई इथे आल्या आणि मला फादरांच्या टेबलावर ठेवलं.

"माझ्याच्यानं नाही होणार आता."

हे फादर तरुण आहेत, मनानं चांगले आहेत. म्हणाले, "बाई, त्यांना इच्छा होती ना? मग ती प्रभूला पोचली. इच्छेचंही कम्युनियन असतं."

"असेल," बाई म्हणाल्या. "वहिनी गेली तेव्हा हेच दादाला सांगितलं होतं, त्या वेळच्या फादरांनी. त्याला पटलं नाही. मला पण नाही पटत." आणि दोरीची पिशवीही काढून ठेवली.

तेव्हापासून मी या ड्रॉवरमध्ये आहे. तो दादांनी केलेला, अजूनही आवाज न करता सरकतो. किल्लीवाला म्हातारा पुटपुटत खोली झाडतो, त्याच्याकडून मला बाहेरचं कळतं. ब्रेकबाई मिस्सेला येतात म्हणे. दादांनी केलेल्या शेवटच्या बाकावर बसतात. सगळे कम्युनियनला उठतात, रांग लावतात, तेव्हा त्या उठत नाहीत. हात मांडीखाली घेऊन भिंतीकडे बघत राहतात. म्हातारा म्हणतो, "दुसऱ्यांच्या घरोघर नेऊन द्यायची, आता स्वतःच घेत नाही. कुणी तिला विचारत पण नाही." त्याचंही बरोबर आहे. लोकांना तिचं उत्तर पाठ झालंय.

खिडकीतले ते पेन्शनर आजोबा अजून वाट बघतात का, मला माहीत नाही. इथे पडून पडून माझ्या पितळेवर चढलेला काळा डाग कुणी पुसलेला नाही आणि पुसू नये असंच मला वाटतं.

तरी कधीतरी हा ड्रॉवर कुणीतरी उघडेल. तुम्हीच असाल कदाचित. मला गळ्यात घालाल, शेवटच्या घराचा जिना चढाल, वरून खोकला ऐकू येईल. हात जोडून सांगते, पायरीवर बसू नका. वर जा. त्या माणसानं कितीदाही घालवून दिलेलं असो, त्याला विचारा, आणि मगच माझं झाकण उघडा. आणि निघण्याआधी, जमलं तर, शेवटच्या बाकापाशी थांबा. तिथे एक बाई भिंतीकडे बघत बसलेली असते. तिलाही एकदा विचारा.