भांडायला जागा

आल्बिनाच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि नवरा तिच्याच बेटावर राहत होता, तरी तिने स्वतः रांधून त्याला एकदाही वाढलं नव्हतं. ती मनामाच्या एका इस्पितळात नर्स. राहायची नर्सेसच्या हॉस्टेलात, जिथे पुरुषाला फाटकाच्या आत मज्जाव. पायस वेल्डर, मआमीरच्या कॅम्पात, एका खोलीत आठ जण. वसईत लग्न लागलं आणि अंगाची हळद पुरती उतरायच्या आत तो विमानात बसला. मागाहून ती आली. कुटुंबाला घर मिळायचं ते साहेब लोकांनाच. दोघांची रजा तर कधी एका वेळी यायचीच नाही. गावाला मात्र वाटायचं, बहारीनला राजाराणीचा संसार चाललाय!

ही राजाराणी दर शुक्रवारी मिस्सा झाली की चर्चच्या आवारातल्या कठड्यावर बसून मेसचा डबा खायची. चारचौघांत नवराबायको बोलून बोलून काय बोलणार? गावची ख्यालीखुशाली, तीही कुजबुजत.

१९८२च्या हिवाळ्यातल्या अशाच एका शुक्रवारी एक म्हातारा काठी टेकत त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. आल्बिनाने ओळखलं. पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी तिच्या वॉर्डात होता तो फ्रेंच पापा. त्याला इंग्रजी येत नव्हतं, हिला फ्रेंच. पण हातवाऱ्यांवर दोघांचं गूळपीठ जमलं होतं. घराणं पिढ्यान्‌पिढ्या वाइन करणारं. मुलगा एतियेन तेवढा घरचा धंदा सोडून इथल्या गोदीत इंजिनिअर झाला, त्याच्याकडे पापा हिवाळ्यापुरता आला होता. मागोमाग सून ओदील आली.

"पापा विचारतायत, तुम्ही राहता कुठे?" ओदीलने इंग्रजीतून विचारलं.

"मी हॉस्टेलात. हा मआमीरला."

सुनेने ते फ्रेंचमध्ये सांगितलं. पापाला पटेना. त्याने पुन्हा विचारायला लावलं, उत्तर तेच आलं. मग तो सुनेशी बराच वेळ तावातावाने बोलला आणि ओदील हसून म्हणाली, "पुढच्या गुरुवारी दुपारी आमच्या घरी यायचं. शनिवारी सकाळी जायचं. नाही म्हणायची सोय नाही."

आठवडाभर आल्बिनाच्या डोक्यात एकच. तिला काही पंचतारांकित सुख नको होतं. एक दिवस, फक्त एक दिवस, संसार करायचा होता.

गुरुवारी दोघं अरादला ओदीलच्या बंगल्यावर पोचली. रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून आल्बिनाने माहेरहून आलेली सुकेळी नेली होती. पापाने केळीच्या वाळक्या पानाची गुंडाळी सोडली, वास घेतला, एक सुकेळं तोडून चघळलं आणि डोळे मिटले. ही केळी उन्हात कशी वाळवतात ते आल्बिनाने सांगितलं, तेव्हा तो उठून आतून एक छोटी बाटली घेऊन आला. त्यांच्या गावीही द्राक्षं गवतावर पसरून महिनोन्‌महिने सुकवतात आणि मग त्यांची ही गोड वाइन करतात म्हणे. "आमच्याकडे बाळंतिणीला देतात," ओदीलने भाषांतर केलं. पायस लाजून टेबलक्लॉथ बघत बसला.

पाहुणचार इतका, की पुसू नका! पण फ्रेंचांचं जेवण म्हणजे आपल्याकडच्या लग्नाच्या पंगतीसारखं, उठायचं नावच नाही. सूप झालं, मासा झाला, मटण झालं, चीज आलं. त्यात त्यांची रीत अशी, की जेवताना नवराबायकोला शेजारी बसवायचं नाही. शेजारी बसायला घर आहेच की! म्हणून आल्बिना टेबलाच्या या टोकाला आणि पायस त्या टोकाला. संध्याकाळी सगळे मिळून किल्ला बघून आले. रात्री पुन्हा तीच पंगत, पुन्हा दोन टोकं. शेवटी झोपायला स्वतंत्र खोली मिळाली, पण भिंतीपलीकडे यजमान. दोघं पलंगावर पाहुण्यांसारखीच पडली आणि सवयीने कुजबुजत राहिली.

"उद्याचा दिवस पण असाच जाणार," पायस म्हणाला.

आल्बिना भिंतीकडे वळली. एवढं प्रेमाने करतायत माणसं आणि आपल्याला रडू येतंय, याची तिला लाजही वाटली.

टेबलाच्या दोन टोकांचे त्यांचे चेहरे पापाने पाहिले असावेत. शुक्रवारी मिस्सेहून परतल्यावर त्याने फर्मान काढलं, की घरचे सगळे समुद्रावर जाणार आणि पाहुणे घर राखणार. "मासळी फ्रीजमध्ये आहे," ओदील म्हणाली आणि आल्बिनाच्या हातात किल्ली ठेवून मुलांना घेऊन गेली.

दार लागलं. आल्बिनाने पदर खोचला. सुरमई साफ केली, पर्समधून आणलेला घरचा मसाला काढला, कालवण उकळलं, भात केला. पायस ओट्याशी घुटमळत होता. तिने ताटं घेतली आणि वळून बघते तो काय, हा पठ्ठ्या चांगल्या चांगल्या तुकड्या निवडून डब्यात भरतोय!

"हे काय?" ती कुजबुजली.

"कॅम्पात पोरं विचारतील ना, काय आणलंस."

"तीन वर्षांनी एकदा मी चूल बघतेय आणि तू आधी पोरांचा डबा भरतोस?"

"काय म्हणतेस? ऐकू येत नाय."

"मी म्हणते..."

"अगो, मोठ्याने बोल ना! इथं कोण ऐकतंय? हॉस्टेल आहे की चर्च?"

आणि मग आल्बिना मोठ्याने बोलली. बापरे, काय बोलली! मला टायफॉइड झाला तेव्हा फाटकापर्यंतसुद्धा आला नाहीस. तुझ्या आईच्या प्रत्येक पत्रात माझ्या पोटाची चौकशी, तिला खरं का सांगत नाहीस? पायसही काही कमी नव्हता. वॉचमनने हाकललं मला, दोनदा! आणि तू नाइट ड्यूटी मागून घेतेस, का? "हॉस्टेलात झोप येत नाय म्हणून!" ती किंचाळली. पायसने झाकण आपटलं. तीन वर्षांचं साठलेलं एका दुपारी बाहेर आलं. मग ती रडली, मग तोही, आणि ताटातला भात गार झाल्याचं दिसल्यावर दोघांना एकदमच हसू फुटलं.

डोळे पुसत ती खिडकीशी गेली आणि जागच्या जागी थिजली.

फाटकात गाडी उभी होती. काचा खाली. मागे ओदील आणि तिची पोरं आइस्क्रीम चाटतायत, एतियेन स्टिअरिंगवर हात ठेवून बसलाय, आणि पुढच्या सीटवर पापा, काठी आडवी धरून, कुणाला उतरू देत नाहीये. काय ऐकलं असेल, किती ऐकलं असेल! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने धावत जाऊन गाडीचं दार उघडलं. "सॉरी, मॅडम, आम्ही..."

"सॉरी कशाला?" ओदीलचे डोळे ओले होते. "आम्ही मघाशीच आलो. पापा म्हणाले, आत जायचं नाही. लढाईत ते पाच वर्षं जर्मनांच्या कैदेत होते. सुटून घरी आले तेव्हा सासूबाई त्यांच्याशी पाहुण्यासारखं वागायच्या. हळू बोलायच्या, चांगले ग्लास काढायच्या. त्यांना वाटे, आपण परक्या घरी आलोय. मग एकदा चिखलाचे बूट घालून ते स्वयंपाकघरात शिरले, आणि सासूबाईंनी तेच बूट त्यांना फेकून मारले. पापा म्हणतात, त्या दिवशी मी घरी पोचलो."

पापा गाडीतून हळूहळू उतरत होता. आल्बिनाने त्याचा हात धरला, इस्पितळात धरायची तसाच, आणि तो हात तिला सोडवेना. आपल्या माणसांनीही दिलं नसतं ते या परक्या म्हाताऱ्याने दिलं होतं, आणि आभार मानायला तिच्यापाशी त्याच्या भाषेतला एक शब्द नव्हता.

पायस कुणी न सांगता आत गेला आणि त्याने कॅम्पातल्या पोरांसाठी भरलेला डबा मोठ्या भांड्यात उपडा केला.

"यल्ला, चला, जेवायला बसा!" आल्बिना अरबीत मराठी मिसळून ओरडली, चांगली खणखणीत. कुणाला भाषांतर लागलं नाही. पापाने तिची खुर्ची ओढली आणि पायसच्या शेजारी ठेवली.